हुगळीच्या तुरुंगातली गुंगी आणि ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न

४ एप्रिल १८४५. बंगालमधल्या हुगळीच्या तुरुंगाचा दवाखाना. समोर माधव कौरा नावाचा कैदी, सात वर्षांची सक्तमजुरी भोगणारा, पायात बेड्या. त्याला दोन्ही बाजूंचा हायड्रोसील, म्हणजे अंडवृद्धी. त्या काळचा उपाय असा की साचलेलं पाणी काढून टाकायचं आणि रिकाम्या जागेत जळजळ करणारं द्रव्य सोडायचं, म्हणजे आतले पडदे चिकटतात आणि पुन्हा पाणी भरत नाही. एका बाजूचं काम उरकल्यावर माधव वेदनेने तळमळायला लागला. डॉक्टर होता जेम्स एस्डेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश सर्जन. त्याने शेजारी उभ्या असलेल्या सब-असिस्टंट सर्जन बदनचंद्र चौधरींना विचारलं, मेस्मेरिझम कधी पाहिलंय का? ते म्हणाले, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात कुणीतरी करून पाहत होतं, पण काही घडलं नाही. एस्डेलने स्वतः तर ते कधी पाहिलंही नव्हतं, फक्त वाचलं होतं. तरी त्याने माधवच्या चेहऱ्यावरून आणि अंगावरून संथपणे हात फिरवायला सुरुवात केली. तासाभराने माधव गुंगीत गेला. टाचणी टोचली, चटका दिला, नाकाशी अमोनिया धरला, त्याचं अंग हललं नाही. एस्डेलने साक्षीदार म्हणून जज्ज आणि कलेक्टर यांना बोलावून घेतलं.

मित्रांनो, ॲनेस्थेशिया म्हणून ईथरचं पहिलं गाजलेलं प्रात्यक्षिक बोस्टनला झालं ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. म्हणजे हुगळीची ही घटना त्याच्या दीड वर्ष आधीची. तेव्हा शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला चार जणांनी धरून ठेवायचं आणि सर्जनने जमेल तितक्या लवकर हात आवरायचा. दवाखान्यातल्या संमोहनाचा इतिहास मी हुगळीपासून सुरू करतोय तो एवढ्यासाठी की इथे वेदना खरी होती, आराम बहुधा खरा होता, आणि तरीही ‘हे सिद्ध झालं का?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं नव्हतं. सिनॉप्सिसवर गाईडने लाल पेनाने ‘कंट्रोल काय?’ असं लिहून परत पाठवलं असेल, तर हा इतिहास तुमच्या कामाचा आहे.

मेस्मेरिझम म्हणजे काय, ते आधी बघू. त्यासाठी साठ वर्षं मागे, पॅरिसला जावं लागेल. फ्रांत्स आंतोन मेस्मर हा व्हिएन्नाहून आलेला वैद्य. त्याचं म्हणणं असं की विश्वात एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरून आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की रोग होतो, आणि जाणकार माणूस हातवारे करून तो मोकळा करू शकतो. त्याच्याकडे माणसं थरथरायची, बेशुद्ध पडायची आणि काही चक्क बरी व्हायची. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, खगोलशास्त्रज्ञ बाय्यी होता, आणि ज्याच्या नावाने पुढे गिलोटिन ओळखलं गेलं तो डॉक्टर गिलोटँही होता. मेस्मर स्वतः समितीसमोर आला नाही. त्याचा शिष्य देस्लाँ आला.

या समितीने केलेला एक प्रयोग अगदी तपशिलात माहीत करून घ्या. फ्रँकलिनच्या बागेतल्या जर्दाळूच्या एका झाडात देस्लाँने ‘चुंबकत्व भरलं’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं आणि एकामागून एक चार झाडांना मिठी मारायला लावलं. चारही झाडं साधी, चुंबकत्व न भरलेली. पहिल्याच झाडापाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला, आणि ‘खरं’ झाड तिथून चोवीस फूट लांब होतं! देस्लाँचं उत्तर तयार होतं: बागेतल्या सगळ्याच झाडांत थोडंफार चुंबकत्व असतं. समितीने त्यावर म्हटलं, तसं असेल तर अशा नाजूक माणसाला बागेत फिरायलाच जाता येणार नाही. आज आपण ज्याला ब्लाइंडिंग म्हणतो, त्याचा हा एक अगदी सुरुवातीचा नमुना. अक्षरशः डोळ्यांवर पट्टी बांधून केलेला.

निष्कर्ष काय निघाला? कल्पनेशिवाय चुंबकत्वाने काहीच होत नाही, आणि चुंबकत्वाशिवाय नुसत्या कल्पनेने सगळं होतं. फार सुंदर काम आहे. पण समितीने विचारलेला प्रश्न ‘असा द्रव आहे का?’ एवढाच होता. देस्लाँ म्हणत होता की बरे झालेले रुग्ण बघा. समितीने ते नाकारलं, कारण माणसं आपोआपही बरी होतात, मग श्रेय कुणाला द्यायचं? हे बरोबरच होतं. मात्र ‘कल्पनेने एवढं होत असेल, तर कल्पना म्हणजे नक्की काय आणि तिचा उपयोग करता येईल का?’ हा प्रश्न टेबलावर तसाच पडून राहिला. ‘ही तर नुसती कल्पना’ म्हटलं की विषय संपला, ही सवय तिथपासूनची आहे.

आता पुन्हा हुगळीला येऊ. माधवच्या अनुभवानंतर एस्डेलने धडाकाच लावला. आठ महिन्यांत वेदनारहित केलेल्या शस्त्रक्रियांची जी यादी त्याने १८४६ च्या पुस्तकात छापली, तिच्यात ७३ नोंदी आहेत. ही यादी जरूर वाचा, कारण ७३ हा आकडा सगळीकडे येतो आणि त्याच्या आत काय आहे ते क्वचितच. दात उपटणं ३, पायाच्या अंगठ्याचं नख काढणं ५, गळू फोडणं ५, मोतीबिंदू ३, हायड्रोसील ७, हात कापणं १, स्तन कापणं १. आणि मग मोठी गोष्ट: वृषणावरच्या गाठी, वजन ८ ते ८० पौंड. हत्तीरोगामुळे बंगालमध्ये हा आजार बराच होता. ८० पौंड म्हणजे जवळपास ३६ किलो. माणूस आपलीच गाठ पोत्यासारखी वागवत जगत असे. या ओळीत एस्डेल लिहितो: एकूण १७, त्यांपैकी वेदनारहित १४. बाकीच्या ओळींत नुसता अंश आहे. इथे छेदही आहे. तीन जणांना दुखलं हे त्याने लपवलेलं नाही, याबद्दल मला तो माणूस आवडतो.

पण यादीत न दिसणारं बरंच आहे. एस्डेलची पद्धत वेळखाऊ होती. अंधारलेली खोली, उताणा झोपवलेला रुग्ण, त्याच्या डोक्यामागे बसून तोंडावर वाकलेला माणूस, अंगावरून फिरणारे हात, डोळ्यांवर हळूहळू सोडलेला श्वास. हे तासन्तास, आणि काही वेळा दिवसांमागून दिवस. एस्डेल लवकरच थकला आणि त्याने हे काम दवाखान्यातल्या हिंदू आणि मुसलमान तरुण मदतनिसांवर सोपवलं. म्हणजे युरोपात गाजलेल्या या प्रयोगांचा खरा घाम त्या मदतनिसांचा. टाचणी-चटक्याची परीक्षा पास झालेलाच माणूस टेबलावर जाई. जो गुंगीत गेलाच नाही, तो यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. रिसर्चच्या भाषेत हा सिलेक्शन बायस, आणि चांगलाच मोठा.

एस्डेलचा स्वतःचा मुद्दा वेगळा होता. त्याचं म्हणणं, माझ्या रुग्णांना आपल्यावर काय चाललंय हे ठाऊकच नव्हतं, मग ‘कल्पना’ आली कुठून? हा फ्रँकलिन समितीला दिलेला जवाब होता. पण विचार करा. साहेब डॉक्टर, तुरुंग किंवा सरकारी दवाखाना, अंधार, अंगावर फिरणारे हात आणि फुंकर. बंगालच्या (आणि आपल्याकडच्याही) कुठल्याही खेड्यात हे दृश्य लोकांच्या ओळखीचं होतं; त्याला झाडफूक म्हणतात. खुद्द एस्डेल एका स्थानिक मांत्रिकाला भेटला होता. त्याला पितळेचा लोटा आणि पानांची डहाळी घेऊन रुग्णावर हात फिरवताना, फुंकर घालताना त्याने पाहिलं, आणि हे लोक न कळत मेस्मेरिझमच करतात असं मत बनवलं. तर्काची दिशा उलटी करून बघायचं मात्र त्याला सुचलं नाही: रुग्णांना हे सगळं आधीपासून कळत असेल, तर ते ‘अनभिज्ञ’ कसे?

कलकत्त्यातल्या विरोधकांचा सूर याहून वाईट होता. हे रुग्ण म्हणजे ढोंगी, साहेबाला खूश करायला दातओठ खाऊन गप्प पडून राहतात, असं म्हणणारे डॉक्टर होते. विलायतेतही हेच झालं होतं. १८४२ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये जेम्स वूम्बेल नावाच्या मजुराचा पाय मेस्मेरिझमखाली मांडीपासून कापला, आणि लंडनच्या वैद्यकीय सभेत मार्शल हॉल या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने ठणकावलं की दुसरा पाय हलला नाही म्हणजे माणूस नाटक करत होता. गंमत बघा: हलला तर दुखलं, नाही हलला तर ढोंग. ज्याचा पाय गेला त्याच्या शब्दाला किंमत शून्य. मजूर, कैदी, ‘नेटिव्ह’ यांच्या वेदनेबद्दल बोलायचा हक्क त्यांच्याखेरीज सगळ्यांना होता. शिवाय संमतीचं काय? बेड्या घातलेला माणूस ‘नको’ म्हणू शकत होता का? आज एथिक्स कमिटीचे फॉर्म भरताना आपण कुरकुरतो, तेव्हा माधव कौरा आठवावा.

१८४६ मध्ये बंगाल सरकारने कलकत्त्याला समिती नेमली. तिच्यात ओ’शॉनेसीसारखा कसलेला संशोधक होता. दहा रुग्ण निवडले गेले. तिघांना दिवसचे दिवस प्रयत्न करूनही गुंगी आली नाही. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. पण तिघांचं अंग पिळवटत होतं, हात झटके देत होते, चेहरा वेदना दाबून धरल्यासारखा वेडावाकडा होत होता. जागं झाल्यावर मात्र त्यांनी सांगितलं, काही दुखलं नाही.

आता तुम्ही समितीत असाल तर काय लिहाल? शरीर म्हणतंय दुखतंय, माणूस म्हणतोय दुखलं नाही. वेदना कुठे मोजायची? समितीने दोन्ही गोष्टी अहवालात नोंदवल्या आणि एकंदरीत अनुकूल मत दिलं. त्यावर सरकारने एस्डेलला कलकत्त्यात वर्षभरासाठी एक छोटं हॉस्पिटल प्रयोगासाठी दिलं. अहवाल आला ऑक्टोबर १८४६ मध्ये, म्हणजे बोस्टनला ईथरचं प्रात्यक्षिक झालं त्याच महिन्यात. डिसेंबरात लंडनमध्ये ईथर पोहोचलं, पुढच्या नोव्हेंबरात एडिंबरामध्ये सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. काही मिनिटांत हमखास गुंगी, कुणालाही, कुठेही. तासन्तास हात फिरवणारा मदतनीस कोण ठेवणार? एस्डेल १८५१ मध्ये भारत सोडून गेला. शंभरांवर मोठ्या गाठी काढल्या आणि मृत्यू जेमतेम पाच टक्के, असा दावा त्याने नंतर मांडला. पण तुलना होती ती इतर सर्जनांच्या, इतर रुग्णांच्या आकड्यांशी. एकाच दवाखान्यात, एकाच हाताखाली, चिठ्ठ्या टाकून दोन गट असं काही नव्हतं. ती पद्धत रूढ व्हायला अजून शंभर वर्षं जायची होती. इंटरनेटवर ‘एस्डेलने हजारो मोठी ऑपरेशनं केली’ असं वाचाल तेव्हा मूळ यादीतली ती पाच नखं आठवा.

याच काळात मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनने चुंबकीय द्रव बाजूला ठेवला. एकाग्र नजर आणि एकाच गोष्टीवर खिळलेलं लक्ष यांतून ही अवस्था येते, असं म्हणून १८४३ च्या पुस्तकात त्याने तिला हिप्नोटिझमशी जोडलेलं नवं नाव दिलं. पुढचं शतक मी भरभर ओलांडतो: पॅरिसमध्ये शार्को, नान्सीत बर्नहाइम, मग बराच काळ स्टेजवरचे खेळ. आपल्याकडे ‘संमोहन’ म्हटलं की अजूनही तेच डोळ्यांसमोर येतं. १९५५ मध्ये ब्रिटिश आणि १९५८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याचा वैद्यकीय उपयोग मान्य केला.

खरा बदल घडवला तो मोजमापाने. १९५९ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्नेस्ट हिलगार्ड आणि आंद्रे वाइत्झेनहॉफर यांनी संमोहनग्राह्यतेची मोजपट्टी तयार केली. ठरावीक सूचना द्यायच्या आणि माणूस किती सूचनांना प्रतिसाद देतो ते मोजायचं. तेव्हा दिसलं की साधारण दहा-पंधरा टक्के लोक खूप प्रतिसाद देतात, तितकेच जवळपास काहीच देत नाहीत, बाकीचे मध्ये. कलकत्त्याच्या त्या तिघांना गुंगी का आली नाही, याचं निदान एक संभाव्य उत्तर इथे मिळतं. मग हिलगार्डने लोकांचे हात बर्फाच्या पाण्यात ठेवून पाहिले. दुखणार नाही अशी सूचना मिळालेले ग्राह्य लोक कमी वेदना सांगायचे, पण त्यांच्याच ‘आतल्या दुसऱ्या भागाला’ विचारलं तर तो जास्त वेदना सांगायचा. याला त्याने ‘लपलेला निरीक्षक’ म्हटलं. टीकाकार म्हणाले, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच उत्तराची सूचना आहे. वाद पुरता मिटलेला नाही. पण पिळवटलेल्या चेहऱ्याने ‘दुखलं नाही’ म्हणणारे तिघे आता ढोंगी ठरत नाहीत, अभ्यासाचा विषय ठरतात.

१९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये पिएर रँव्हिल आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. हात ४७ अंश सेल्सियसच्या पाण्यात, मेंदूचं पेट स्कॅन, आणि संमोहनात फक्त वेदनेचा ‘त्रासदायकपणा’ कमी-जास्त करण्याच्या सूचना. पाण्याचं तापमान तेच. सूचनेबरोबर अँटिरियर सिंग्युलेट या भागातली हालचाल बदलली. स्पर्श आणि वेदनेची जागा-तीव्रता नोंदवणाऱ्या भागात मात्र तसा बदल दिसला नाही. म्हणजे ‘किती दुखतंय’ आणि ‘त्याचा किती त्रास होतोय’ या दोन गोष्टी निदान काही प्रमाणात सुट्या करता येतात. मराठीत आपण ‘दुखतंय, पण सोसवतंय’ म्हणतो, त्यातल्या दोन शब्दांमधला हा फरक.

आणि आता ‘कशाच्या तुलनेत?’ एल्विरा लँग ही रेडिऑलॉजिस्ट. रक्तवाहिनीत किंवा मूत्रपिंडात नळी घालायच्या प्रक्रियांमध्ये रुग्ण जागा असतो आणि घाबरलेला असतो. तिच्या टीमचा २००० मधला ‘लॅन्सेट’मधला प्रयोग: २४१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून तीन गट. एकाला नेहमीची काळजी. दुसऱ्याशी एक प्रशिक्षित व्यक्ती ठरवून दिलेल्या पद्धतीने आपुलकीने बोलणार. तिसऱ्याशी तसंच बोलणं, अधिक स्व-संमोहनाच्या सूचना. मधला गट नसता, तर ‘कुणीतरी जवळ बसलं म्हणून बरं वाटलं’ हा आक्षेप कधीच हटला नसता. हुगळीत नेमका हाच गट नव्हता. दर पंधरा मिनिटांनी रुग्णालाच विचारायचं: वेदना शून्य ते दहांत किती, भीती किती. पहिल्या दोन गटांत वेळ जाईल तशी वेदना चढत गेली. संमोहनाच्या गटात ती सपाट राहिली. औषध कमी लागलं, प्रक्रियेचा सरासरी वेळ ७८ मिनिटांवरून ६१ वर आला. औषधं बंद केलेली नव्हती, हेही लक्षात घ्या. हवं तेव्हा मागता येत होती. बेल्जियममधल्या लिएजमध्ये १९९२ पासून संमोहनासह शस्त्रक्रिया होतात, तिथेही जागा बधिर करायचं इंजेक्शन असतंच. एस्डेलची ‘नुसत्या गुंगीवर ८० पौंडांची गाठ’ ही वाट कुणी धरलेली नाही, आणि धरूही नये.

लँगच्याच टीमचा २००८ मधला अभ्यास मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. ट्यूमरवरच्या उपचारांत हेच तीन गट घेतले. नुसत्या सहानुभूतीच्या गटात प्रतिकूल घटना ४८ टक्क्यांना, नेहमीच्या काळजीत २६, संमोहनात १२. अभ्यास ठरल्याआधीच थांबवावा लागला. ‘चांगलं बोलणं कधी वाईट कसं असेल’ असं आपण गृहीत धरून चालतो. त्या गटाला ‘निरुपद्रवी कंट्रोल’ म्हणून मोजायचंच नाही असं ठरवलं असतं, तर हे दिसलंच नसतं.

या विषयावर प्रपोजल लिहायचं मनात असेल, तर दोन पेपर शेजारी ठेवून वाचा. २००७ मध्ये गाय माँटगोमेरींच्या टीमने स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी २०० महिलांपैकी काहींना पंधरा मिनिटांचं संमोहन दिलं, बाकीच्यांचं नुसतं ऐकून घेतलं. वेदना, मळमळ, भुलीचं औषध, सगळं संमोहनाच्या गटात कमी. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या ‘हिप्नोसेन’ चाचणीत १५० महिलांवर जवळपास असाच प्रयोग झाला, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत फायदा दिसला नाही. वाचताना हे टिपून ठेवा: दोन्हींत तुलनेच्या गटाला नक्की काय मिळालं, भूल पूर्ण होती की अर्धवट, ग्राह्यता आधी मोजली होती का, सूचना देणाऱ्याचं प्रशिक्षण किती, आणि कोणता गट आपल्याला मिळालाय हे रुग्णाला कळत होतं का. शेवटचा मुद्दा सगळ्यांत चिवट आहे. गोळीसारखी दुसरी गोळी करता येते. संमोहनाची हुबेहूब नक्कल, जिच्यात सूचना नाही, अशी अजून कुणालाच नीट जमलेली नाही. जर्दाळूच्या झाडापाशी मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधता आली. इथे पट्टी कुठे बांधायची, ते तुमच्या मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहावं लागेल.